ठेकेदाराच्या पोराला कुलूप का नाही

मागच्या पावसाळ्यात थर्ड शिफ्टला एक अपघात झाला, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज सुट्टी आहे तर लिहून टाकतो. कंपनीचं नाव टाकणार नाही. चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत, त्यातली एक समजा. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, २००१ ला ट्रेनी म्हणून लागलो, २००३ ला परमनंट झालो, आणि आता काही वर्षं युनियनच्या कमिटीत आहे.

रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. मी कॉम्प्रेसर रूमला होतो, तिथून प्रेस शॉप म्हणजे प्लँटचं दुसरं टोक, आणि थर्डला अख्ख्या प्लँटला परमनंट मेंटेनन्सवाला मी एकटा. फोन आला, स्क्रॅप कन्व्हेयर अडकलाय, एएमसीची, म्हणजे देखभालीच्या ठेकेदाराने लावलेली, पोरं बघतायत, तुम्ही या सावकाश. सावकाश कसला, मी निघालो तेवढ्यात दुसरा फोन, पळत या. प्रेसच्या खाली खड्डा असतो त्यात स्क्रॅपचा कन्व्हेयर चालतो, पत्र्याचे तुकडे चेनमध्ये अडकले की मोटर ओव्हरलोडला ट्रिप होते, मग खाली उतरून तुकडे काढायचे. एएमसीचा पोरगा खाली उतरला होता, वरच्याला वाटलं झालं काम, त्याने पॅनेलवर ओव्हरलोड रीसेट केला आणि स्टार्ट दाबलं. पोराचा डावा हात चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे. दोन बोटांची टोकं गेली. मी पोचलो तेव्हा त्याला वर काढलेलं होतं, कुणीतरी कॉटन वेस्ट गुंडाळलेलं, आणि तो सारखा एवढंच म्हणत होता की काका मी मोटर बंद केली होती, काका मी बंद केली होती.

केली होती त्याने. आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडायचा मेन स्विच, त्याने खरंच खाली केला होता, फक्त त्यावर कुलूप नव्हतं. वरच्या माणसाने तो परत वर केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनमध्ये हात घालायच्या आधी आयसोलेटर बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, स्वतःच्या नावाचा टॅग लावायचा, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग एकदा स्टार्टचं बटण दाबून बघायचं की खरंच मेलंय का. याला आम्ही लोटो म्हणतो. दोन माणसं आत असतील तर दोन कुलपं. माझं कुलूप लाल आहे, त्यावर माझा टोकन नंबर कोरलेला आहे, आणि ते माझ्याशिवाय प्लँट हेडसुद्धा काढू शकत नाही, काढायचं तर चार सह्यांचा फॉर्म आहे. ट्रेनिंग असतं, पोस्टर असतात, सेफ्टी वीकला शपथ असते. पण कुलूप मिळतं स्टोअरमधून, टोकन नंबरवर. आणि ठेकेदाराच्या पोराला कंपनीचा टोकन नंबर नसतो, त्याला असतो गेट पास. टोकन नाही म्हणून स्टोअरच्या सिस्टीमला तो दिसत नाही, म्हणून त्याच्या नावावर कुलूप निघत नाही. एएमसीच्या बावीस माणसांत मिळून तीन कुलपं होती, तीपण सुपरवायजरच्या कपाटात, आणि सुपरवायजर जनरल शिफ्टला.

मला त्या रात्री राग कुणाचा आला हे नीट सांगता येणार नाही. सगळ्यांचाच आला. पण नंतर विचार करत गेलो तसा तो राग आमच्याच युनियनच्या ऑफिसपर्यंत येऊन थांबला, आणि हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच.

२००३ ला मेंटेनन्सला आम्ही एकतीस जण होतो, इलेक्ट्रिकल मेकॅनिकल धरून. आज आठ. एकालाही काढलेलं नाही बरं का. हीच तर गोष्ट आहे. कुणी रिटायर झालं, कुणी व्हीआरएस घेतली, कुणी वारलं, जागा भरली नाही एवढंच. काढलं असतं तर आम्ही गेटवर बसलो असतो, झेंडा लावला असता, लेबर ऑफिसला गेलो असतो. पण रिकाम्या खुर्चीसाठी कोण गेट मीटिंग घेणार? रिकाम्या खुर्चीला घोषणा देता येत नाही. आणि ती रिकामी कुठं राहिली, सहा महिन्यात तिथं कुणाचा तरी पोरगा उभा असायचा, बिनलोगोचा निळा शर्ट घालून, आणि साहेब आम्हाला सांगायचे याला जरा काम दाखवा.

आणि आम्ही दाखवायचो. मी स्वतः किती जणांना पॅनेल शिकवलं मोजलं नाही. चार नंबर प्रेसचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, पावसाळ्यात चिकटतो, तिथं ड्रॉइंगमध्ये एक वायर दाखवलीय ती जागेवर नाहीच, २००८ ला काढलीय, आता दुसऱ्या केबल ट्रेमधून येते, हे कुठल्याच कागदावर नाही, हे माणसाकडून माणसाकडे जातं. शिकवायचं, पोरगा हुशार निघाला की बरं वाटायचं, आणि सात महिन्यांनी त्याचा ब्रेक. २४० दिवस भरले तर परमनंटचा दावा लागू शकतो म्हणून त्याच्या आधीच घरी. मग नवीन पोरगा. परत कॉन्टॅक्टर, परत ती वायर. एखादा परत आलाच तर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने, दुसऱ्या गेट पासवर, पीएफचा नंबर वेगळा. एक पोरगा तर सहा वर्षं आमच्याच शॉपमध्ये होता, तीन ठेकेदार बदलले, तो तिथेच.

लोकांना वाटतं परमनंट माणसाचा राग म्हणजे आपला ओव्हरटाइम गेला म्हणून. तोही आहे, खोटं कशाला बोलू, पूर्वी शटडाउनला रविवारी डबल मिळायचा तो सगळा एएमसीकडे गेला. पण खरी चिडचिड त्याची नाही. आपण वीस वर्षं जे काम केलं त्याला कुणीतरी ऑफिसात बसून कागदावर लिहितं की हे काम नॉन-कोअर आहे, म्हणजे कंपनीच्या धंद्याचं मुख्य काम नाही, ते कुणीही करू शकतं, तेव्हा जे होतं ना ते सांगता येत नाही. मशीन बंद पडलं की सगळा प्लँट आमच्या तोंडाकडे बघतो, आणि कागदावर आम्ही बागकामाच्या रांगेत.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण कमिटीत आल्यावर मला हे वाचावं लागलं आणि आमच्या निम्म्या मेंबरांना हे माहीत नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आला त्याच्या नावातच नियमन आणि निर्मूलन दोन्ही शब्द आहेत. त्यातलं कलम १० म्हणायचं की सरकार एखाद्या कामातला ठेका बंद करू शकतं, आणि ते ठरवताना काय बघायचं तेही दिलंय: काम त्या उद्योगाला गरजेचं आहे का, बारमाही आहे का, एरवी ते कायम कामगारच करतात का, आणि पुरेशा माणसांना पूर्ण वेळ पुरेल एवढं आहे का. आता प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला हे चार प्रश्न विचारा. चारही उत्तरं हो. पण ठेका बंद कर म्हणून सांगायचं होतं सरकारने, आणि सरकारला तसं वाटायला हवं होतं.

पूर्वी निदान एक आधार होता. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने एअर इंडियाच्या केसमध्ये म्हटलं होतं की ठेका बंद केला की तिथले कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार. तो निकाल पाच वर्षंसुद्धा टिकला नाही, ३० ऑगस्ट २००१ ला स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते फिरवलं, आपोआप काही होणार नाही म्हणाले. ठेका नुसता दिखाव्याचा आहे, आतून सगळा कंट्रोल मूळ मालकाचाच आहे हे कामगाराने सिद्ध करायचं, मग बघू. आणि सिद्ध कुठे करायचं? आपल्याकडे १९७१ चा युनियन मान्यतेचा जो कायदा आहे त्याच्याखाली लेबर कोर्टात गेलं की मालक पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणतो हा माझा कामगारच नाही, आणि तिथंच गाडी थांबते, आधी तो कुणाचा कामगार हे दुसरीकडे ठरवून आण म्हणतात. पोरगा पंधरा हजारावर, खोलीभाडं, मेस, गावाकडे पैसे, तो वर्षानुवर्षं कुणाचा मी हे ठरवत फिरणार?

तरी झालंय. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं बघा, २०१७ ला सुप्रीम कोर्टातून २,७०० ठेक्यावरचे कामगार कायम करायचा आदेश झाला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लावून धरलं ते. ती युनियन ठेक्यावरच्या कामगारांचीच होती, हे मला फार नंतर लक्षात आलं. परमनंटच्या युनियनने नाही लढलं ते.

आता नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार लेबर कोड लागू झालेत. त्यात लिहिलंय की कोअर कामात ठेकेदारी चालणार नाही. वाचून पहिल्यांदा आमच्या एका मेंबरने पेढे आणायची तयारी केली होती. पण पुढची ओळ वाचा, एखादं काम जर एरवी ठेकेदारामार्फतच करून घ्यायची पद्धत असेल तर ते चालेल. म्हणजे वीस वर्षं तुम्ही आमच्या डोळ्यासमोर एकेक काम ठेक्यावर दिलंत, आणि आता ती पद्धतच झाली. आणि हा कायदा ठेकेदाराला लागू व्हायला त्याच्याकडे किमान ५० माणसं पाहिजेत, आधी २० होती ती महाराष्ट्राने ५० केली आणि आता कोडमध्येही ५०च. आमच्या मेंटेनन्सच्या ठेकेदाराकडे बावीस, पॅकिंगच्या एकाकडे अठ्ठेचाळीस, दुसऱ्याकडे सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस. एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलावर पॅकिंग करतात.

एवढं सगळं सांगून मी म्हणू शकतो की बघा कायदा असा, सरकार असं, मालक असा. आमच्या गेट मीटिंगला हेच म्हणतो आम्ही. पण २०१२ चा करार माझ्या कपाटात आहे. मी तेव्हा कमिटीत नव्हतो पण जनरल बॉडीला होतो, हात वर केला होता. साडेतीन वर्षांचा करार, ७,२०० रुपयांची वाढ, त्या वेळी आमच्या एरियात चांगला करार मानला गेला, फुलं उधळली, डीजे लावला. त्यात एक कलम आहे, मी जसंच्या तसं लिहीत नाही, अर्थ असा की उत्पादनाशी थेट संबंध नसलेली कामं व्यवस्थापन बाहेरून करून घेऊ शकेल आणि युनियन त्यास हरकत घेणार नाही. कोणती कामं त्याची यादी नाही. कुणी विचारलंच नाही यादी कुठंय. तेव्हा आम्हाला वाटलं कँटीन, गार्डन, वॉचमन, ते तर आधीच गेले होते. पुढच्या करारात स्टोअर आणि फोर्कलिफ्ट गेले. मग डिस्पॅच. मग आमचा नंबर आला एएमसी या नावाने, वार्षिक देखभाल करार, नाव असं की जणू एसी दुरुस्तीला माणूस येतोय वर्षातून दोनदा. तो माणूस रोज येतो, तीन शिफ्टमध्ये.

स्टोअरवाले तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांचा एक सीनियर होता, आता रिटायर झाला, तो म्हणाला होता, आज आमचं गेलं, उद्या तुमचं जाईल, नाही म्हणा. आम्ही म्हणालो अरे मेंटेनन्स कसं देतील बाहेर, स्किल लागतं. हे मी माझ्या तोंडाने म्हणालोय.

माझे वडील मुंबईत मिलमध्ये बदली कामगार होते. बदली म्हणजे काय ते आताच्या पोरांना माहीत नसेल. रोज शिफ्टच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी परमनंट आला नाही तर त्याच्या जागी काम, सगळे आले तर घरी. असं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात पगारवाढ होती, बोनस होता, तसं बदल्यांना कायम करा हीपण मागणी होती, हे लोक विसरतात. वडील संपानंतर साताऱ्याकडे गावाला परत आले ते आलेच. मिलबद्दल फार बोलायचे नाहीत. पण एकदा मी परमनंट झाल्यावर पत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्यात बदली कुठं राहतात? मला प्रश्नच कळला नाही. म्हणजे म्हणाले, आमच्या गाळ्यात आम्ही चौदा जण होतो, त्यात परमनंट पण होते आणि बदली पण, एकाच खानावळीत जेवायचो, त्याच्या घरची चिठ्ठी मी वाचून दाखवायचो. तुमची पोरं कुठं राहतात?

मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि खरं सांगतो त्या अपघातापर्यंत नीट माहीत नव्हतं. आम्ही परमनंटवाले मोशीला, इंद्रायणीनगरला, ज्याचा त्याचा टू बीएचके, कंपनीच्या बसने येतो, बसला ठेक्याच्या पोरांना घेत नाहीत. पोरगं दवाखान्यात होतं तेव्हा त्याचे कपडे आणायला मी त्याच्या खोलीवर गेलो. चाकणला एमआयडीसीच्या मागे, कॉट बेसिसवर, दहा बाय बाराच्या खोलीत सहा कॉट, पण राहणारे नऊ, कारण शिफ्टप्रमाणे कॉट वाटून घेतलेले. फर्स्टवाला उठतो, थर्डवाला त्याच कॉटवर झोपतो. भिंतीला खिळे, प्रत्येक खिळ्याला एक पिशवी, प्रत्येक पिशवीवर स्केच पेनने नाव. त्याच्या पिशवीत दोन शर्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून, आणि एक वही, त्या वहीत आमच्या चार नंबर प्रेसच्या पॅनेलचं ड्रॉइंग त्याने हाताने काढलेलं. ती काढून टाकलेली वायर त्याने लाल पेनने खोडलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं, काकांनी सांगितलं.

लातूरकडचा पोरगा. बापाची दोन एकर. मी त्याला वायरचं सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, इतक्या जणांना सांगितलंय.

अपघाताच्या रात्री ठेकेदाराचा सुपरवायजर साडेचारला पोचला, झोपेतून उठून आलेला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, लॉगबुकला लिहू नका, आम्ही आमच्याकडे लिहितो, पायऱ्यांवरून घसरला असं लिहू, ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, काही अडचण येणार नाही. मी म्हणालो लॉगबुक मेंटेनन्सचं आहे, शिफ्टचा इनचार्ज मी आहे, झालं तसंच लिहिणार. लिहिलं. वेळ, कन्व्हेयर नंबर, आयसोलेटर बंद होता पण कुलूप नव्हतं, कुलूप उपलब्ध नव्हतं. हे शेवटचं लिहिताना हात थांबला होता क्षणभर, तेपण सांगतो. सकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले तुम्ही सीनियर माणूस, हे बाहेरच्या एजन्सीचं मॅटर आहे, त्यात युनियन कशाला.

इथं मला एक गोष्ट पाठ होती ती कामाला आली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनेच कामगार कोण याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही धरलेला होता. पगार कोण देतो, परमनंट की टेम्पररी, याच्याशी सेफ्टीचा संबंध नाही, फॅक्टरीच्या आत जो काम करतो त्याची जबाबदारी फॅक्टरी चालवणाऱ्याची. म्हणजे एकीकडे लेबर कोर्टात हा आमचा कामगार नाही आणि दुसरीकडे मशीनसमोर तो तुमचाच कामगार आहे साहेब, आणि त्याचं कुलूप तुम्हीच द्यायचंय. साहेब काही बोलले नाहीत. सेफ्टी कमिटीत घेऊ म्हणाले.

मग युनियनची मीटिंग झाली. रविवारी, नेहमीच्या मंगल कार्यालयात. मी विषय मांडला दोन. एक, जो कुणी पॅनेलला हात लावतो त्याला कंपनीने स्वतःचं कुलूप द्यावं, टोकन असो नसो, हे मागणीपत्रात पहिल्या नंबरवर. दुसरा, युनियनची घटना बदलून ठेक्याच्या कामगारांना मेंबर करून घ्यावं. पहिल्यावर सगळ्यांचे हात वर. दुसऱ्यावर जे झालं ते गेल्या दहा वर्षांत कुठल्या जनरल बॉडीत झालं नसेल.

एक जण उठला, माझ्याच बॅचचा, म्हणाला, आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना आपण मेंबर करायचं? दुसरा म्हणाला आपण एकशे नव्वद, ते साडेचारशे, उद्या तेच कमिटी निवडतील आणि तेच करारावर सह्या करतील, आपली ग्रॅच्युइटी आपला मेडिक्लेम कोण बघणार. हा प्रश्न मी टाळणार नाही कारण तो खरा आहे, ज्याची पंचवीस वर्षं सर्व्हिस आहे त्याला ही भीती वाटणं चूक नाही. तिसरा म्हणाला मेंबर केलं आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने गेट पास काढून घेतला तर त्या पोराला युनियन काय देणार, वर्गणीची पावती? हेपण खरं. यावर मागे बसलेला एक डिस्पॅचचा जुना माणूस बोलला, त्याचे चुलते वाशीच्या मार्केटला माथाडी होते. म्हणाला हमालाला तरी कुठं एक मालक होता, आज या गाळ्यावर उद्या त्या, मुकादम देईल ते घ्यायचं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, १९६९ ला कायदा झाला, बोर्ड झालं, मालकाने पैसे बोर्डात भरायचे आणि हमालाला पगार पीएफ बोर्डाकडून, मुकादमाच्या हातून नाही. ज्यांचा कुणी मालकच नाही म्हणत होते त्यांचं झालं, मग ज्यांचा मालक आपल्याला रोज दिसतो त्यांचं का होऊ नये?

टाळ्या पडल्या. पण मतदान झालं नाही, अध्यक्ष म्हणाले विषय मोठा आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ.

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहितो, आमचे मेंबर वाचणार आहेत हे माहीत असूनच. ठेकेदाराने आपलं काम घेतलं हे खरं, पण त्याने ते हिसकावलं नाही, आपण ते कलमाकलमाने, वाढ घेऊन, सही करून दिलं. आणि ज्या पोरांच्या हातात ते गेलं त्यांच्याशी आपण वीस वर्षं बोललोच नाही, कँटीनमध्ये त्यांचं टेबल वेगळं, दिवाळीला त्यांचा बॉक्स वेगळा. त्यांना काढा ही आपली मागणी असेल तर कंपनी उद्याच काढेल, दुसरे आणेल, तिला तेवढंच पाहिजे. काम युनियनचं ठेवायचं असेल तर ते जो करतो तो युनियनचा पाहिजे. तो सात महिन्यांचा असला तरी. एकशे नव्वदची युनियन, त्यातले चाळीस येत्या तीन वर्षांत रिटायर, मग दीडशे, मग शंभर, आणि तेव्हा करार करायला आपल्याकडे असणार काय? उत्पादन तर आत्ताच त्यांच्या हातात आहे. आपण गेटवर बसलो तर लाइन बंद पडत नाही हे साहेबांना माहीत आहे आणि आपल्यालाही.

कुलपांचं काय झालं ते राहिलंच. कंपनी म्हणाली एजन्सीने द्यावीत, एजन्सी म्हणाली रेटमध्ये बसत नाही. दीड महिना असाच गेला. कमिटीतल्या एकाने सुचवलं युनियनच्या फंडातून बावीस कुलपं घेऊ, किती खर्च येतो, मी विरोध केला, कारण मग ती जबाबदारी कायमची आपली झाली असती, पण त्या दीड महिन्यात रोज थर्डला जाताना पोटात गोळा यायचा की मी तत्त्वासाठी कुणाची बोटं पणाला लावतोय का. तोपर्यंत आम्ही आठ जणांनी असं ठरवलं की एएमसीचं कुणीही खाली उतरणार असेल तर आधी आपल्यातल्या एकाचं लाल कुलूप आयसोलेटरला, चावी त्या पोराच्या खिशात. नियमात बसत नाही, माझं कुलूप दुसऱ्याला द्यायचं नसतं. शेवटी सेफ्टी कमिटीत आम्ही लेखी दिलं की वैयक्तिक कुलूप नसलेल्या माणसाबरोबर मेंटेनन्सचं कुठलंच काम करणार नाही, तेव्हा बावीस पिवळी कुलपं आली. टोकन नंबर नाहीत, त्यावर एक ते बावीस आकडे आहेत. पोरगा बदलला की आकडा तोच, माणूस दुसरा.

तो लातूरचा पोरगा ईएसआयची रजा संपवून परत आला, त्याला पॅकिंगला टाकलंय, अठ्ठेचाळीसवाल्यांकडे. परवा सेकंड शिफ्ट सुटताना मेंटेनन्सच्या खोलीत आला, दारात उभा. म्हणाला, काका, कायमच्या अपंगत्वाचा क्लेम टाकलाय, ते विचारतात अपघात कुठे झाला त्याचा कागद आहे का, एजन्सीवाले म्हणतात आमच्याकडे नाही. तुम्ही लिहिलं होतं ना? मी लॉगबुक काढलं, पान काढून दिलं. त्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं, दोनदा वाचलं, मग म्हणाला, काका आडनाव चुकलंय. मी घाईत एका मात्रेची चूक केली होती. मी त्याला पेन दिलं. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी पान दाबून धरून त्याने उजव्या हाताने ते नीट केलं, आणि शेजारी मी सही केली, तारीख टाकली, आणि मग आम्ही दोघं झेरॉक्सला गेलो.